शेंद्र्याची माणसं पडेगावात मोजली

पडेगाव, औरंगाबाद

ति. आप्पासाहेबांस,

प्रभूच्या नावानं सलाम. तुमचा खोकला कसा आहे? माझं बरं चाललंय. जेवण वेळेवर होतं (शेजारच्या नजमाबी डबा पाठवतात, रिकामा डबा परत द्यायला गेलो की तोच भरून हातात देतात). वच्छला प्रभूकडे गेल्यापासून तुम्हाला लिहिणं झालं नाही. आज लिहितोय ते वैतागून.

तुमची ही बहीण शेंद्र्याला सरूबाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपासना घ्यायची, हे तुम्ही जाणताच. तिथली माणसं कारखान्यातली, शेतमजुरीतली. जवळपास चर्च नाही. आम्हा पडेगावकरांना छावणीतलं चर्च जवळ आहे. नवं चर्च पडेगावात नको, शेंद्र्यालाच व्हावं म्हणून ती चर्चच्या कमिटीशी शेवटपर्यंत भांडली. अखेर अध्यक्ष काकासाहेबांनी ठरवलं की एकाच रविवारी दोन्हीकडची माणसं मोजायची. जास्त भरतील तिथं चर्च.

नेमका त्याच रविवारी माझ्या अंगणात वच्छलाच्या स्मरणाची उपासना होती. शेंद्र्याची सगळी माणसं टेम्पो करून इकडं आली. (सरूबाईंनी भाकरी आणल्या आणि रडता रडता माझ्या रश्श्यात मीठ नाही हेही सांगितलं.) कमिटीचा माणूस शेंद्र्याला गेला, तर शेडमध्ये एक शेळी बसलेली. काकासाहेब स्वतः माझ्याकडं आले, पोटभर जेवले आणि जेवता जेवता पंगत मोजली. पडेगाव जिंकलं.

ही माणसं शेंद्र्याची आहेत, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "मास्तर, हजर ते हजर. नियम सगळ्यांना सारखा." वर चर्चच्या दारात वच्छलाच्या नावाची फरशी बसवू म्हणाले. हयातीत तिचं धड ऐकून घेतलं नाही, आता फरशी, तीही भलत्या गावात. मी मान खाली घातली, ती त्यांनी संमती धरली.

वहिनींना सलाम.

तुमचा,
याकोब

ता.क. शनिवारी कमिटीची बैठक आहे. चार माणसांत बोलायचं काम आमच्या घरात तिचं होतं. तुम्ही येऊन बोला.

आणखी एक. पडेगावचं चर्च माझ्या दारासमोरच होणार आहे आणि शेंद्र्याला जायला बस बदलावी लागते. तरी काल तिथली उपासना मीच घेतली. वाचायला लागलो, तर मागून सरूबाई म्हणाल्या, "मास्तर, देवाला ऐकू जात असंल, आम्हाला नाय. जरा बाईंवानी वरडा." मी ओरडून वाचलं. आता घसा पार बसला आहे. शनिवारी तुम्ही याच.