गिअरबॉक्सचा आवाज

मोरिवली, अंबरनाथ
५ जानेवारी २०२५

ती. भागीरथीअक्कास,
धाकट्या नरेंद्रचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला बटणं दाबून लिहायचा कंटाळा, त्यामुळे इथला पोस्टमन पत्रासाठी फक्त माझंच दार वाजवतो म्हणायचं.

बातमी अशी की व्हॅन बसली. गिअरबॉक्स गेला. तिसऱ्या गिअरमध्ये म्हणे कधीपासून ओरडत होता. मला काय कळणार? सगळी नोकरी प्रेस मशीनवर गेली, कान तिथेच ठेवून आलो. प्रीती होती तोवर आम्ही दोघं नवरा-बायको जेवणाचे डबे घेऊन आनंदनगरच्या कंपन्यांत जायचो, आणि गाडीनं जरा कुरकुर केली की ती माझ्या दंडावर चापट मारायची. ती गेल्यापासून चापट नाही, म्हणून मला वाटलं गाडी ठणठणीत आहे.

सम्यक म्हणतो, बाबा, व्हॅन भंगारात द्या, डबे बंद करा आणि सोनिवलीला माझ्या फ्लॅटवर या. अगं, तो आणि सून सकाळी जातात ते रात्री येतात. मी काय भिंतींशी बोलू? कंपनीच्या गेटवर निदान चार पोरं मला बघून हसतात तरी. म्हणून उल्हासनगरहून वापरलेला दुसरा गिअरबॉक्स आणलाय. सिंधी दुकानदार साईं साईं करत म्हणाला की फिटरकडूनच बसवा. मी घरीच बसवणार. मशिनी खोलण्यात हयात गेली, हे काय मोठं!

जिवाला जप. पत्र लांबवू नकोस.
तुझा
नरेंद्र


कराड
१३ जानेवारी २०२५

चि. नरेंद्र यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम. इकडे सर्व ठीक.

गाढवा, साठी उलटली आणि गाडीखाली शिरतोस! ते धूड अंगावर आलं तर हाक कुणाला मारशील, आणि कुणी ओ दिली तरी तुला कळणार आहे का? शेजारच्या हिरामणला सोबत घे. सम्यकला रविवारी बोलाव. पोटचा पोरगा आहे, त्याच्याशी कसला मानपान?

प्रीतीचं वाचून डोळे भरून आले. भाकरी करपली, सूनबाई बोलली. बोलू दे.

माया आहेच, ती सांगायला पत्र कशाला.
तुझी
अक्का


मोरिवली
२७ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

बसला एकदाचा! व्हॅन जॅकवर घेतली, खाली लाकडी ओंडके लावले. बिघडलेला बॉक्स सुखानं उतरला, पण दुसरा चढवताना जीव मेटाकुटीला आला. त्याचा शाफ्ट क्लचप्लेटच्या भोकात शिरेचना. छातीवर ते वजन घेऊन उताणा पडलो होतो, कुणी नुसता टॉर्च धरला असता तरी चाललं असतं. हिरामण कामावर होता. सम्यक येतो म्हणाला, आला नाही. त्यालाही कामं असतात.

मग ऐटीत गल्लीतून चक्कर मारली. काय सांगू, सगळे हात हलवत होते! समोरची वेणूबाई तर दारातून धावत आली. मी आपला खिडकीतून सगळ्यांना जय भीम करत सुटलो. शेवटी कामावरून परतलेला हिरामण गाडीपुढे आडवा उभा राहिला तेव्हा उलगडा झाला. मी बॉक्समध्ये तेलच घातलं नव्हतं, आणि गाडी अशी किंचाळत होती की लोक थांब, थांब म्हणत होते. चांगलीच शोभा झाली. घरी येऊन एकटाच हसलो, मग रडूच आलं.

आता तेल घातलंय, गिअर पडतात. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर थरथर बरी वाटते. पण आवाज? हिरामण ठीक आहे म्हणतो, पण तो कानात वायरी घालूनच गाडीत बसतो. थोडे दिवस कुणीतरी शेजारी बसून नीट ऐकायला हवं. नाहीतर हाही बॉक्स जाईल आणि माझी रवानगी सोनिवलीला. तू येतेस का? तुझे गुडघे दुखतात, माहीत आहे. तरी विचारतो. फार एकटं वाटतं गं, अक्का.

तुझाच
नरेंद्र


कराड
४ फेब्रुवारी २०२५

चि. नरेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हाच येते म्हणून लिहायला बसले होते, पण हात चालेना. घरात कुणाला बोलले नाही ते तुला सांगते. माझेही कान गेलेत. कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत, नातू हाका मारून थकतो, सूनबाईला वाटतं म्हातारी मुद्दाम लक्ष देत नाही. तुझ्या बॉक्सचा आवाज चांगला की वाईट, मला ढिम्म कळायचं नाही. तू ऐकायला बोलावतोयस आणि मी बहिरी येऊन काय करू, असं वाटत राहिलं.

तरी येते. शनिवारी, पंधरा तारखेच्या एसटीनं निघेन, कल्याणला न्यायला ये. रिक्षा नको, व्हॅनच आण, मी पुढे बसेन. आवाज ऐकायला हिरामणच्या कानातल्या वायरी काढ आणि त्याला मागे बसव. सम्यकला मी बघते. गाडी रस्त्यात बंद पडलीच तर दोघं बसून राहू.

सूनबाईला जाते म्हणून सांगितलं. किती दिवस, हे तिनं विचारलं नाही. मीही परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझी
अक्का