धर्मबापाचा सौदा

कार्ल्सबाद,
मे महिन्यातला दुसरा मंगळवार

लाडक्या आन्सेल्मो,

आजीचा आशीर्वाद घे. लिहितेय शेजारची ओफेलिया, बोलतेय मी. मध्येच अक्षर चिडकं दिसलं तर समज, मी तिला काहीतरी खोडायला लावलंय. घरच्यांशी फोनवर बोलू नकोस असं तुझ्या वकिलाने बजावलंय, म्हणून हा उद्योग.

इकडे सगळं ठीक. लिंबाला बहर आलाय. तुझी बहीण परत बारीक व्हायला निघालीय, म्हणजे घास कमी आणि कुरकुर पोतंभर. मी जेवते वेळेवर. झोपेचं विचारू नकोस.

रविवारी चर्चनंतर तुझे धर्मबाप आले होते, पीचची पेटी घेऊन. गोल्फच्या काठ्यांच्या एवढ्या मोठ्या कंपनीचे सर्वेसर्वा गॅरिटीसाहेब, आणि माझ्या लंगड्या खुर्चीत बसले. तुझ्या बाबाच्या फोटोकडे बघून उसासा टाकला. बाबाने त्यांच्या शेडमध्ये काठ्यांची डोकी घासली. तो गेल्यावर चर्चमध्ये वेदीसमोर तुझ्या खांद्यावर हात ठेवून, आजपासून हा माझा मुलगा म्हणत तेच उभे राहिले. हे मी विसरले नाही. तेही विसरू देत नाहीत.

"आजी, कॉफी झकास झालीय."

"कालचीच आहे, गरम केलेली."

हसले. मग म्हणाले, "आन्सेल्मो गुरुवारी कबुलीजबाबावर सही करेल, की सगळं त्याने स्वतःच्या डोक्याने केलं. वर्षभर आत, फार तर. त्याच्या बायकोपोरांचं मी बघतो."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर राहिलो तरच बघेन ना." कपात आणखी साखर घातली. "चौकशीवाले तुमच्याकडेही येतील. तुम्हाला काही आठवत नसेलच."

"मला सकाळी दात कुठे ठेवले ते आठवत नाही, साहेब."

माझा हात थोपटला त्यांनी. "तेच बरं. या वयात घर बदलायचं म्हणजे हाल." हे घर त्यांच्याच नावावर आहे, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही.

गाडी गेली, आणि मी त्यांचा कप दोनदा घासला.

बाळा, मला आठवतंय. ईस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार, मटण वर्ज्य म्हणून मी कोळंबीची भजी तळत होते, आणि तू नि साहेब टेबलाशी बसला होतात. म्हातारीला काय कळतंय म्हणून त्यांनी आवाजही खाली केला नाही. "नव्या काठ्यांची डोकी तडकतायत. हे बाहेर आलं की शेअर कोसळणार. माझ्यावर सगळ्यांचे डोळे आहेत. तुझ्या नावाने खातं उघड, पैसे मी घालतो, भाव पडेल यावर लाव." त्यांचा पगार शेअरच्या भावाबरोबर चढतो, हे तूच मला समजावलं होतंस. भाव चढला तर पगार, पडला तर सौदा. त्याच महिन्यात घासकामाच्या बायकांच्या पाळ्या कापल्या आणि ह्यांना बोनस.

तू ताटात बघत म्हणालास, "बरं, धर्मबाबा." आपल्यात धर्मबाप म्हणून चर्चमध्ये उभं राहिलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. साहेबांच्या लोकांत तो बहुतेक फोटो काढण्यापुरता प्रकार असतो.

आता जे सांगायचं ते. ओफेलिया म्हणते, हे पुढच्या पत्रात घालू. तोवर गुरुवार होऊन जाईल.

काल चौकशीखात्याची बाई आली होती. आपणहून नाही, मीच बोलावली. साहेब काय म्हणाले ते सगळं सांगितलं, शुक्रवारचंही आणि रविवारचंही. मग तिने विचारलं, "आणि नातू काय म्हणाला?"

मी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. त्याने हो म्हटलं, असं सांगितलं. तेवढं गाळलं असतं तर उरलेल्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. ती म्हणाली, शिक्षा त्यालाही होईल, पण खरं बोलला तर कमी. किती कमी, ते बोलली नाही.

म्हणून ऐक. ज्या वकिलाची फी गॅरिटी भरतात, त्याला सोड. दुसरा शोध. गुरुवारी सही करू नकोस.

मला साहेबांची भीती वाटते, घराची वाटते, त्यांच्या त्या मऊ हाताची वाटते. पण उद्या ओफेलिया हे पत्र घेऊन तुझं दार वाजवेल आणि तू उघडणारच नाहीस, ही भीती सगळ्यात मोठी. मला शिव्या दे, वर्षभर तोंड बघू नकोस. दार मात्र उघड.

तुझ्याविरुद्ध बोललेली,
तुझीच आजी
ग्रेगोरिया