हिरव्या सुतळीचा डबा

प्रिय ठकू,

देवाच्या कृपेने मी खुशाल आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, कारण तुझे बाबा समोरच बसलेले असतात आणि ऐकत नसल्याचं दाखवत असतात. म्हणून लिहितेय. पाठकोरा कागद बघून हसू नकोस, एक बाजू चांगली होती ती कशाला वाया घालवू?

तुझ्या कारखान्यात काय चालतं ते तू मला एकदा चमचे ओळीने मांडून समजावलं होतंस. तेल म्हणजे लांबलांब साखळ्या. त्या मधोमध तोडल्या की हलका तुकडा अत्तराला, साबणाला, यंत्रांच्या वंगणाला जातो आणि उरलेल्याचं गाड्यांचं इंधन होतं. नुसत्या इंधनावर कारखाना तगत नाही, तो त्या महागड्या तुकड्यांवर चालतो. मी म्हटलं, म्हणजे साय विकली की दूध स्वस्तात देता येतं. तू इतकी हसलीस, म्हणालीस आमच्या साहेबांनाही एवढं सोपं सांगता येत नाही. साखळी तोडणाऱ्या द्रव्याला तू उत्प्रेरक म्हणतेस, मी औषधच म्हणते. त्याला पाण्याचा थेंब सोसत नाही, जळका कण सोसत नाही, हेही तेव्हाच सांगितलंस. बाबा दाराआड उभे होते, तुला दिसले नाहीत.

तेव्हा तुम्ही ताजं तेल घ्यायचात. पुढे त्या मागणीने बियांचे भाव चढले आणि बाबांची तेलगिरणी बसली. त्या दिवशी ते म्हणाले, "खायचं तेल जाळणारी माझी कुणी लागत नाही." तूही कमी नाहीस. "तुमची गिरणी तशीही गंजलीच होती," म्हणालीस आणि चपला घालून निघालीस. दोघांच्याही मनात तसं नव्हतं, पण बोललेलं मात्र दोघांनी जपून ठेवलं. नंतर तू हट्टाने कारखाना तळणाच्या टाकाऊ तेलावर आणलास. कुणाचं बोलणं लागलं म्हणून, ते मला कळत होतं, त्यांनाही कळलं. तरी फोन उचलायला कुणाचा हात पुढे झाला नाही. वर्षं अशीच गेली बघ. किती सुखाची गेली असती.

मागे तू सांगत होतीस, तुमचा गाडीवाला गावोगावचं तळणाचं तेल गोळा करून आणतो त्यातल्या काही डब्यांच्या तोंडाला हिरवी सुतळी असते, त्यातलं तेल इतकं स्वच्छ की नवा प्रयोग तुम्ही त्याच तेलावर करता. पाठवणारा नाव लावत नाही, कोण असेल गं आई, म्हणालीस. फोन माझ्या कानाला होता आणि समोर तुझे बाबा मांडीवर हिरवी सुतळी घेऊन बसले होते. त्यांनी मला देवाची शपथ घातली होती. मी म्हटलं, असेल कुणीतरी.

खानावळी फिरून ते तेल गोळा करायचे. गल्लीतली मांजरं वरातीसारखी त्यांच्या मागे. जुन्या सुती कापडातून दोनदा गाळायचे, मंद आचेवर पाणी उडवायचे आणि मग माझ्या देवापुढच्या वातींतली एक त्यात भिजवून पेटवायचे. तडतडली की पाणी राहिलंय, पुन्हा चूल. वाती संपतात म्हणून मी कुरकुरायचे. ते एवढंच म्हणायचे, "तिच्या औषधाला सोसत नाही."

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. त्यांचा हात थरथरायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू जिभेवरही येईल. परवा गाळताना डबा कलंडला, अर्धं तेल फरशीवर. मला पुसूही देईनात. तिथेच बसले आणि म्हणाले, "आता माझं तेल तिला चालायचं नाही." उरलेल्यात मी वात भिजवून लावली. शांत जळली. शपथ मोडतेय हे सकाळी देवाच्या कानावर घातलंय, त्याचं काय ते मी बघून घेईन. तो अर्धा डबा सुतळी बांधून दाराशी ठेवलाय. गाडीवाला आला होता, त्याला मी रिकाम्या हाती परत पाठवलं. डबा न्यायला तूच ये, त्यांच्या तोंडून तुझं नाव नीट निघतंय तोवर.

तुझीच,
आई