पाहुण्यांसमोर हातवारे करू नयेत

५ जानेवारी, सोमवार. तिसरा तास ऑफ.

नवीन वर्ष, नवीन वही. ही वही कुणी वाचायची नाही. कमळाने तर नाहीच, बायको असली तरी.

आज माजिदा मॅडमनी (आमच्या मुख्याध्यापिका, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, असो) स्टाफरूममध्ये एक पत्र वाचून दाखवलं. शाळांच्या देवाणघेवाणीत ब्राझीलहून दोन विद्यार्थी आठवडाभर आपल्या शाळेत येणार. कोन गावातल्या शाळेत, जिथे एस.टी. थांबवायलाही ड्रायव्हर कुरकुरतो. मग मे महिन्यात परतभेट. आपली दोन मुलं आणि शाळेतली एक मोठी व्यक्ती, पंधरा दिवस ब्राझील.

बाकी स्टाफ कुठली मुलं पाठवायची यावर बोलत बसला. मोठी व्यक्ती कोण, हे कुणी विचारलं नाही. विचारायचंय काय त्यात? शाळेत इंग्रजी शिकवणारा एकच माणूस आहे आणि तो ही वही लिहितोय.

बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि सगळ्यात लांब गेलोय नागपूरला, तेही प्रशिक्षणाला. मला जायचंय. फार जायचंय. हे इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही.

६ जानेवारी

स्वागत समितीचा अध्यक्ष झालो. समिती नव्हती, ती आधी केली.

८ जानेवारी, गुरुवार

परिपत्रक क्रमांक १: पाहुण्यांशी फक्त इंग्रजीत बोलावे.

परिपत्रक क्रमांक २: पाहुण्यांसमोर हातवारे करू नयेत.

दुसऱ्यावर स्टाफरूममध्ये हसले. हसू देत. या गावातल्या पोरांना बोलायला तोंड लागतच नाही. घरोघरी कुणीतरी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. तिथे खडखडाट एवढा की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातांनी आणि ओठांनी चालतो. चहा आण, धागा तुटला, शिफ्ट संपली, सगळं हातानेच. पोरं ते घरून शिकून येतात आणि माझ्या तासाला मागच्या बाकांवर वापरतात. वर्गात चिडीचूप शांतता असते आणि तिकडे अख्खी चर्चा चालू. पकडायचं कुणाला?

याचा मूळपुरुष म्हणजे जब्बार, आमचा शिपाई. अठरा वर्षं लूमवर होता. फाटकाजवळ उभा राहून नुसता हात फिरवतो आणि आठवी अ रांगेत उभी राहते. मला तीन वेळा शिट्टी मारावी लागते. त्याला परिपत्रक स्वतः वाचून दाखवलं. तो म्हणाला, ठीक है सर, हात जेबमध्ये ठेवतो.

१२ जानेवारी, सोमवार

माजिदा मॅडम म्हणाल्या, सर, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात, मुलांना इंग्रजी येत असेलच असं नाही. मी त्यांना सांगितलं की पोर्तुगीज वसईतून गेल्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, आता जगात सगळीकडे इंग्रजीच चालतं. त्यांनी पत्राची घडी घातली. पटलं असावं.

नववीकडून स्वागताची वाक्यं पाठ करून घेतली. सगळी एका सुरात म्हणतात, उत्तम. रमशाने विचारलं, सर, त्यांनी उलट काही विचारलं तर? तीच वाक्यं पुन्हा म्हणायची, असं सांगितलं. या मुलीला शंका फार.

१९ जानेवारी, सोमवार. दुपार.

आले. मुलगा काउआ, मुलगी तैनारा. दोघं पंधरा वर्षांची, हसरी. राहायला माजिदा मॅडमच्या घरी. माझ्याकडे ठेवा असं मी सुचवलं होतं, पण ठीक आहे, मलाही भाषणाच्या रियाजाला निवांतपणा हवाच.

माझं स्वागतपर भाषण अकरा पानी. तैनारा नवव्या पानाला झोपली. प्रवासाचा शीण. काउआ मात्र शेवटपर्यंत मान हलवत होता.

नंतर व्यक्तिशः संवाद साधला. प्रवास कसा झाला? येस. आवडता विषय कोणता? येस. भारताविषयी तुमचं काय मत? येस, येस. आत्मविश्वास बघा. आमची पोरं अशी ठामपणे कधी बोलणार?

संध्याकाळी कमळाला भाषण पुन्हा वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, अवो, त्या पोरांना खावाला काय घातलात ते सांगा आधी. ब्रेड-बटर दिलं, असं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

२० जानेवारी, मंगळवार

दुसऱ्या तासाला पाहुणे गायब. शोधत शोधत पाण्याच्या टाकीपाशी गेलो तर दोघं जब्बारच्या बाकड्यावर, मध्ये त्याचा डबा. भाकरी आणि सुकट. आणि तिघांचे सहा हात हवेत. जब्बार काहीतरी दाखवत होता आणि पोरगी पोट धरून हसत होती. भोवती आठवी, नववी जमलेली, तीही हात हलवतेय.

परिपत्रक क्रमांक दोनचा ढळढळीत भंग. जब्बारला बाजूला घेऊन खुलासा मागितला. तो म्हणाला, सर, मैंने तो कुछ बोलाही नहीं.

लेखी ताकीद उद्या देईन. आज घाईत नको.

२१ जानेवारी, बुधवार

आज लूमभेट. नववी, पाहुणे आणि मार्गदर्शक म्हणून मी. यंत्रमागाचा इतिहास इंग्रजीत चार पानं काढून नेला होता. शेडमध्ये शिरलो आणि स्वतःचा आवाज मलाच येईना. तरी चारही पानं वाचली. ओरडून वाचली. हटायचं नाही, असं ठरवलंच होतं.

जब्बार मुलांची रांग सांभाळायला आला होता. त्याने दोन बोटांनी काहीतरी केलं आणि तैनारा थेट तुटलेल्या धाग्यापाशी गेली. कारागिराने एकदा दाखवलं, तिने गाठ मारली, लूम सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याही ऐकू आल्या नाहीत. तिला हे माझ्या तिसऱ्या पानावरून कळलं असणार.

एक गोष्ट मात्र आवर्जून नोंदवतो. मी शेडमध्ये शिरताच कारागिरांनी आपापल्या कॉलरला दोन बोटं लावली. शाळेत पोरंही मला पाहून असंच करतात, हे आज लक्षात आलं. आणि आज काउआने, तैनारानेही केलं. परदेशी मुलांनी दोन दिवसांत इथल्या अभिवादनाची पद्धत उचलली. बरं वाटलं.

रात्री जेवताना कमळाला करून दाखवलं. ती घास हातात धरून हसत सुटली. तिच्या बापाचे बारा लूम होते, तिला सगळं येतं म्हणे. म्हणाली, तो सलाम न्हाय. मुकादम आला, गप बसा, असा हाय त्याचा अर्थ.

विचार केला. मुकादम हे जबाबदारीचं पद आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस एक अक्षर बोलू नका. ऐन वेळी. कालच्या वाचनाचा परिणाम, पण पश्चात्ताप नाही.

चिठ्ठ्या लिहून काम चालवायचं ठरवलं. इंग्रजीतच. पाणी हवं म्हणून जब्बारला चिठ्ठी दिली. त्याने उलटी सुलटी करून बघितली आणि डस्टर आणून दिला. परत दिली, तर खुर्ची आणली. रमशा दारात उभी होती. म्हणाली, सर, नुसता अंगठा तोंडाकडे न्या ना, कळेल त्यांना. मी मान हलवून ठाम नकार दिला. आज हात हलवला तर बावीस वर्षं काय केलं मग?

घरी येऊन तीन तांबे पाणी प्यायलो.

२४ जानेवारी, शनिवार

निरोप समारंभ. आवाज थोडा आला, दोन पानं वाचली.

मग माजिदा मॅडमनी एक फॉर्म काढला. पाहुण्यांनी पोर्तुगीजमध्ये भरलेला. परतभेटीला कुठली मोठी व्यक्ती यावी, आमच्या घरी कोण राहिलेलं आवडेल, हे पाहुणेच लिहिणार, अशी अट पत्रात पहिल्यापासून होती म्हणे. मी टाय नीट केला. उठायच्या तयारीत बसलो. अर्धा उठलोही होतो.

जब्बार.

दोघांनीही तेच नाव लिहिलं होतं. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. जब्बार फाटकाशी उभा होता, त्याला ऐकूच गेलं नाही. कुणीतरी हाताने सांगितलं तेव्हा तो तिथेच मटकन खाली बसला.

मी खुर्चीत बसलो. अर्ध्या उठलेल्या माणसाला परत बसायला फार वेळ लागतो.

२७ जानेवारी, मंगळवार

मॅडमकडे लेखी हरकत नोंदवली. मुद्दा एक: तो शिक्षक नाही. मॅडम म्हणाल्या, पत्रात व्यक्ती म्हटलंय. मुद्दा दोन: त्याला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मॅडम म्हणाल्या, त्यांना तरी कुठे येतं? मुद्दा तीन माझ्याकडे नव्हता.

मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, सर, विमानतळावर तरी त्याला चार वाक्यं बोलता यायला हवीत, तुमच्याशिवाय कोण शिकवणार? रोज शाळा सुटल्यावर तास.

नाही म्हणणार होतो. पण मग शिकवायला पीटीचे सर बसले असते. त्यांचं इंग्रजी मी ऐकलंय. अभ्यासक्रम मीच ठरवणार, या अटीवर होकार दिला. म्हणजे ब्राझीलमध्ये जब्बार जे बोलेल ते माझंच असेल. या अर्थी मी जातोच आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार. शाळा सुटल्यावर.

सहावा तास. जब्बारला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे ओरडून शिकवावं लागतं. माय नेम इज जब्बार, एवढं येतं. थँक यू म्हणताना कमरेत वाकतो, ते बंद करायचंय.

मध्येच त्याचा फोन वाजला. तैनाराचा व्हिडिओ कॉल. त्याने फोन खडूच्या खोक्याला टेकवून उभा केला आणि दोघं सुरू झाले. वीस मिनिटं. दोघांच्या तोंडून शब्द नाही, नुसतं हसणं. मी वह्या तपासत बसलो. तपासत होतो असं नाही, पण वह्या पुढ्यात होत्या.

तिला मी मागे दिसलो. मी उठून जवळ गेलो आणि स्वच्छ इंग्रजीत तिची चौकशी केली. ती म्हणाली, येस. मग माझ्याकडे बोट दाखवून तिने जब्बारला हातांनी काहीतरी विचारलं. हसत नव्हती. जब्बारने माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, जाने दो ना सर. मी म्हटलं, नाही, सांगायचं. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, पूछती है, वो सर की तबियत अब कैसी है. दिनभर अकेले अकेले बोलत होते ना, किसी डॉक्टर को दिखाया क्या.

 मग म्हटलं, सांग तिला, मी ठणठणीत आहे, मला काही झालेलं नाही.

जब्बार म्हणाला, वो तो मैंने पहलेच दिन बोला था सर. मानतीच नहीं.

आठवडाभर मी समजत होतो की ती पोरगी माझं ऐकतेय. तिला नुसती माझी काळजी वाटत होती. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, ते इथेच लिहितो. तास मात्र पूर्ण केला.