मानेची मर्यादा

४ डिसेंबर, आष्टा
...आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या पैलवानाचा गुडघा कोंबडीसारखा मागे वळला. चहा घेऊन आलेल्या रंगूबाई किंचाळल्या. मला हसू आवरेना. त्यांना सांगितलं, कुठल्या सांध्यानं किती वाकायचं ही मर्यादा घातली नाही, की पडताना शरीर कसंही दुमडतं. ती मर्यादा घालणं हेच माझं काम. कुस्तीचा गेम, कंपनी सांगलीत, मालक जयराज. मापं जुन्या पैलवानाची हवीत, म्हणून कालपासून केरबा पैलवान आणि त्यांची बायको रंगूबाई यांच्या घरी भाड्यानं राहतेय. खोलीत ऊन छान येतं.

६ डिसेंबर
केरबांचा उजवा गुडघा वाकत नाही. जत्रेतल्या कुस्तीत गेला. बाकी सांधे दणकट. दंड फिरवून दाखवताना ते वय विसरले. शेवटी म्हणाले, "सुमैरा, मातीत उतरल्याबिगर गडी पैलवान हुत न्हाई." तालमीतली लाल माती आणून आधी स्वतःच्या छातीला लावली, मग पडद्यावरच्या छातीला. नव्या गड्याला असंच तालमीत घेतात. नंतर मी पडदा पुसला. डाग गेला नाही.

९ डिसेंबर
पडद्यावरच्या गड्याचा उजवा गुडघाही ताठ ठेवला होता. डाव जमेनात, म्हणून आज मर्यादा सैल केली.
संध्याकाळी केरबा अंगणात उकिडवे बसलेले. रडत होते. रंगूबाई म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं ह्यो मानूस पयल्यांदा वाकला गं!"

११ डिसेंबर
योगायोग असेल. खात्रीसाठी डावं कोपर जरा आवळलं.
परसात केरबा पाणी प्यायला गेले. तांब्या तोंडापर्यंत पोचेना. मी धावत खोलीत येऊन मर्यादा सोडली. तांब्या पोचला.


१३ डिसेंबर
जयराजना गडी आवडला. फक्त हरून पडताना मान फार ताठ राहते. मानेची मर्यादा काढा म्हणाले.
मी नाही म्हणाले. कारणही सांगितलं. गुडघा, कोपर, माती, सगळं. ते पोटभर हसले. "मॅडम, हरल्यावर कुणाची मान ताठ राहती व्हय?" म्हाताऱ्याचं नाव गेमच्या शेवटी झळकवू, असंही म्हणाले. उपकार केल्यासारखं.

१४ डिसेंबर
माझ्याकडचा गडी पुसून टाकला. उपयोग नाही. कंपनीत प्रत आहे.
केरबांना सांगितलं. ते त्या डागाकडे बघत राहिले. म्हणाले, "घाबरू नगंस पोरी. माजी मान आजवर कुनाला वाकवाय जमली न्हाई."
अभिमान. त्याची मर्यादा कुठे —

१५ डिसेंबर
जयराज फोन उचलत नाहीत. मी सांगलीला गेले. ऑफिसला कुलूप.
परत येताना जयराजांचा निरोप — मान मीच मोकळी केली. सकाळी सगळ्यांसमोर गडी पाडून बघू.
पुन्हा फोन. पुन्हा. नोकरीवरून काढल्याचा निरोप आला. फक्त तेवढाच.

१६ डिसेंबर, सकाळ
रंगूबाईंनी हाक मारली. नुसताच आवाज. शब्द नव्हता.
केरबा अंगणात उकिडवे बसलेत. छाती माझ्याकडे आहे. लाल मातीची.
तोंड पाठीकडे —