चंद्र जवळ येतोय

४ मार्च, सोमवार

पेपरातल्या माझ्या ‘नवल’च्या चौकटीत आज शुक्र. स्वतःभोवती एक फेरी मारायला त्याला सूर्याभोवतीच्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे वर्ष सरतं, तरी गिरकी पुरी होत नाही! असं काही लिहिलं की दिवसभर माझे पाय जमिनीला लागत नाहीत.

बाबांनी पेपर वाचला, घडी घातली, ठेवला. लाल पेन्सिल नाही. बावीस वर्षं त्यांनी माझं रोजचं ‘नवल’ तपासलं — जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, पोरीची चूक सोडतो होय? तीन महिन्यांपूर्वी मी एकदा तडकले होते. “पुरे आता बाबा, पन्नाशीला आले मी.” त्याच सुमारास त्यांचं विसरणंही सुरू झालं. पेन्सिल पुन्हा दिसली नाही.

६ मार्च, बुधवार

दादाचा फोन. “बाबांना आता काही कळत नाही गं. चहात मीठ घालतात. वृद्धाश्रमात एक जागा झालीय, रविवारी कागद घेऊन येतो.” त्यांना कळतं हे दाखवायला माझ्याकडे आहे काय?

दुपारी बाबांची नखं कापली. चंद्र दरवर्षी पावणेचार सेंटिमीटर लांब जातो — जवळजवळ नखं वाढतात त्याच वेगाने. म्हणजे मागच्या वेळेपासून एवढुसाच सरकला, माझ्या तळहातावर पडला तेवढा. ते कपटे घेऊन कितीतरी वेळ बसून होते. बाबाही असेच चाललेत, कळू न देता. रडू आलं.

७ मार्च, गुरुवार

वेडेपणा केला. उद्याच्या चौकटीत मुद्दाम लिहिलं — चंद्र दरवर्षी जवळ येतोय. डोकं शाबूत असेल तर बाबा पेन्सिल उचलल्याशिवाय राहायचे नाहीत.

लिहिताना मात्र खरंच येताना दिसला. खिडकीशी टेकलेला, कपडे वाळत घालायच्या काठीने हात लागेल इतका. खिडकी लावावीशी वाटेना.

८ मार्च, शुक्रवार

छापून आलं. बाबांनी वाचलं. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

“जेवलीस का?” म्हणाले.

सकाळचे आठ वाजले होते.

९ मार्च, शनिवार

वाचकांचे सतरा फोन. संपादकांनी सगळ्यांसमोर झापलं — “सहावीतलं पोरसुद्धा सांगेल हे! बरं वाटत नसेल तर रजा घ्या.” उद्या दुरुस्ती छापणार. सतरा जणांना कळलं, एकाला नाही.

संध्याकाळी दादाला हो म्हणून टाकलं.

१० मार्च, रविवार

दादा यायच्या आत बाबांची बॅग भरायला घेतली. कपाटात स्वेटरांखाली माझ्या चौकटी निघाल्या — तीन महिन्यांच्या, कापून, तारखेप्रमाणे लावलेल्या. प्रत्येकीवर लाल खुणा.

शुक्रवारची सगळ्यात वर. ‘जवळ’ खोडून ‘लांब’ केलेलं. खाली त्यांचं थरथरतं अक्षर — “एवढी चूक तिची होणं शक्य नाही. पोरगी फार दमलीय. बोलायचं नाही.”