स्कोअर विचारला होता

प्रिय ओल्ली,

आधी लिहिलेली तीन पत्रं मी सॉनाच्या चुलीत जाळली.

आपल्या आइस हॉकीच्या हॉलला ह्युत्तिनेन कोचचं नाव द्यायचं की नाही, यावर उद्या क्लबात मतदान आहे. म्हातारा हिवाळ्यात गेला आणि इथे रोज कॉफीवर भांडणं जुंपतात.

"तीनदा अजिंक्यपद आणलं त्यांनी!"

"आणि ओल्लीचं डोकं? आपटलेल्या पोराला परत खेळायला ढकललं त्यानं!"

मग सगळे माझ्याकडे बघतात आणि मी कपात बघतो.

तुला तो दिवस आठवत नाही, म्हणून सांगतो. तू कठड्यावर आपटलास, तेव्हा कोचनी तुला स्कोअरच्या फलकाकडे पाठ करून बसवलं. पडलेल्याला स्कोअर सांगता आला तरच तो खेळणार, हा त्यांचा नियम. "बोल पोरा, स्कोअर काय?" तू नुसता बघत राहिलास. त्यांच्या मागे मी उभा होतो. हातमोजा काढून मी आधी तीन बोटं दाखवली, मग दोन.

"तीन-दोन," तू म्हणालास.

मला फायनल जिंकायची होती रे. बाकी काही कारण नाही.

त्या संध्याकाळी तू हॉस्पिटलात होतास. सॉनात वाफ घेत बसलो होतो, तेव्हा कोचनी मला विचारलं, "हातमोजा कशाला काढला होतास?"

"बुटाची नाडी बांधायला."

त्यांनी तापल्या दगडांवर पाणी ओतलं. तीस वर्षं गावाच्या शिव्या खाल्ल्या, पण माझं नाव काढलं नाही. आणि तू तिकडे स्वीडनमध्ये उजेड सोसत नाही म्हणून भरदिवसा पडदे ओढून बसतोस.

चूल पेटली आहे. उद्याचं मतदान हात वर करून आहे, ओल्ली. हात तोच आहे.

तुझा थोरला भाऊ,
काउको